घरचा रेडिओ बोलतो, ट्रकमधला खरखरतो

दोन वर्षांपूर्वीचा चैत्र. जुन्नर तालुक्यातल्या आमच्या गावी उन्हाळी कांदा काढणीला आला होता. पुतण्याने दोन एकरांतला कांदा काढून, पात कापून वावरातच ढीग घातले आणि आधी भरून ठेवलेला माल घेऊन तो ट्रकने माळशेज घाट उतरून कल्याणला गेला. घरच्या दोन्ही ताडपत्र्या ट्रकमध्येच होत्या. आभाळ निरभ्र. कोणाला कसली शंका येणार?

माल उतरवून परतताना तो संध्याकाळी घाटाखालच्या एका धाब्यावर थांबला. रात्र तिथेच काढावी की घाट चढून घर गाठावे, याचा विचार करीत त्याने ट्रकमधला रेडिओ लावला. नुसती खरखर. मध्येच एखादा शब्द, की पुन्हा खरखर. फोनला रेंज नव्हती. त्याने रेडिओ बंद केला आणि तो केबिनमध्येच आडवा झाला.

त्याच वेळी घरी सूनबाई भाकरी थापीत होती आणि फळीवरचा जुना ट्रान्झिस्टर स्वच्छ बोलत होता. विजांच्या कडकडाटासह पाऊस, काही ठिकाणी गारा, असा इशारा तिने ऐकला. नवऱ्याला चार वेळा फोन लावला, लागला नाही. मग तिने सासूला आणि दोन पोरांना घेऊन वावर गाठले. जुनी लुगडी, गोणपाट, खताच्या रिकाम्या पिशव्या, उसाचे पाचट, जे हाती लागेल ते ढिगांवर घातले. मध्यरात्रीनंतर गारा पडल्या. निम्मा कांदा वाचला, निम्मा भिजला. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको.

तिसऱ्या दिवशी पुतण्या ट्रक घेऊन माझ्या दारात उभा राहिला. तालुक्याच्या गावी पुष्कळ वर्षे माझे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते, म्हणून आला. "काका, हे डबडं काढून फेकतो अन् नवा सेट बसवतो. मोबाईल जोडायचा, पडद्याचा."

सूनबाई बरोबर होती. ती म्हणाली, "मामंजी, आमच्या घरच्या रेडिओवर त्याच टायमाला चांगलं ऐकू येत होतं. मग ह्यांच्याच गाडीत काय होतं?"

दुरुस्तीचे अर्धे काम त्या एका प्रश्नाने झाले. केंद्र चालू होते आणि लहर गावापर्यंत पोचत होती. म्हणजे दोष ट्रकमध्येच. तुमच्याही गाडीतला रेडिओ खरखरत असेल, तर पहिली पायरी हीच. सेलवर चालणारा साधा ट्रान्झिस्टर घेऊन गाडीपासून वीसेक पावले दूर उभे राहा आणि तेच केंद्र लावा. तिथेही खरखर असेल तर गाडीला हात लावू नका. तिथे स्वच्छ आणि गाडीत खराब, तरच पाना-पक्कड बाहेर काढायची.

मोबाईल असताना रेडिओचे एवढे काय, असे तरुण मंडळी विचारतात. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि १९५६ साली त्याच केंद्रावरून गावोगावच्या शेतकरी मंडळांसाठी कार्यक्रम करण्याचा प्रयोग झाला. मंडळी एकत्र बसून ऐकत आणि मग आपसांत चर्चा करीत. तो काळ गेला, हे खरे. पण घाटात जिथे मोबाईलचा मनोरा दिसत नाही, तिथेही मध्यमलहर जमिनीच्या अंगाने सरपटत येते. त्या रात्री धाब्यावर ती आलेली होतीच. ट्रकने ती घेतली नाही, एवढेच.

नवा सेट घेण्याआधी

पुतण्याला मी पहिल्यांदा नवा सेट घेण्यापासून थांबवले. याला दोन कारणे होती.

एक म्हणजे बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ स्वस्त सेटांत मध्यमलहरच नसते. एफएम असते, गाणी साठवलेली पेनड्राइव्ह चालते, मोबाईल जोडता येतो, पण ज्या पट्ट्यावर लांबचे केंद्र लागते तो पट्टाच गायब. घेताना दुकानदाराला 'एएम आहे का' असे स्पष्ट विचारावे आणि दुकानातच लावून बघावे. हे न विचारता नवा सेट बसवणारे आणि मग 'पुणे लागतच नाही' म्हणून डोके धरून बसणारे मी थोडे पाहिलेले नाहीत.

दुसरे कारण असे, की माझ्या साऱ्या अनुभवात गाडीतला सेट स्वतः बिघडलेला क्वचितच निघाला. दोष एरियलमध्ये असतो, अर्थमध्ये असतो, नाहीतर गाडीतल्या दुसऱ्याच कुठल्या उपकरणात असतो. नव्या सेटला तोच एरियल आणि तोच अर्थ जोडला तर तोही तसाच खरखरणार. पैसे मात्र गेलेले असतात.

कान लावून ऐका

खरखर ऐकली की लोक घाईने वायरी उपसू लागतात. त्याआधी दहा मिनिटे नुसते ऐकत बसावे. आवाज आपला पत्ता आपणच सांगतो.

इंजिन बंद ठेवून फक्त रेडिओ लावा. केंद्र स्वच्छ लागले आणि इंजिन सुरू करताच आवाज आला, तर दोष इंजिनाकडचा. आता अॅक्सिलरेटर दाबा. शिट्टीसारखा आवाज चढत-उतरत असेल तर अल्टरनेटर. पेट्रोल गाडीत टकटक असा आवाज येऊन वेगाबरोबर जलद होत असेल तर स्पार्क प्लगची ठिणगी. डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतो, म्हणून ट्रकवाल्याने त्या वाटेला जाऊ नये. वायपर लावला की घर्रर्र, पंखा लावला की घर्रर्र, तर त्या त्या मोटरीचे ब्रश. खड्ड्यात गाडी आदळली की कडकड, आणि सपाट डांबरी रस्त्यावर शांत, तर कुठेतरी सांधा ढिला आहे. बहुधा एरियलच्या बुडाशी.

पुतण्याच्या ट्रकमध्ये इंजिन बंद असतानाही खरखर होती. तो सेट काढायलाच निघाला होता. तेवढ्यात सूनबाईचे लक्ष गेले ते सिगारेट लायटरच्या भोकात खोचलेल्या मोबाईलच्या चार्जरकडे. "हे काढून बघा की."

काढला. निम्मी खरखर तिथेच गेली.

चार्जर म्हणजे जत्रेत मिळतो तसला, डबीएवढा. बॅटरीचे बारा व्होल्ट तोडून पाच करायला आतमध्ये एक स्विच सेकंदाला हजारो वेळा उघड-झाप करतो. चांगल्या चार्जरमध्ये त्यापासून होणारा त्रास अडवायला फिल्टर घातलेला असतो. स्वस्तात तो गाळलेला असतो, आणि मग ते चार्जर स्वतःच एक छोटे खरखरीचे केंद्र बनते. हल्ली गाडीत बसवतात त्या एलईडीच्या पट्ट्या, मागे बघायचा कॅमेरा, गाडीचा ठावठिकाणा कळवणारी डबी, या सगळ्यांची जात हीच. रेडिओ लावून एकेक बंद करत जावे. खर्च काही नाही, आणि पुष्कळ वेळा चोर इथेच सापडतो.

एरियलची काडी आणि ट्रकची केबिन

उरलेली निम्मी खरखर राहिली होती, आणि केंद्रही दुबळे येत होते. आता एरियलकडे वळलो.

एरियलचे गणित थोडे समजून घेण्यासारखे आहे. पुण्याची मध्यमलहर ७९२ किलोहर्ट्झची, म्हणजे एका लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. तिला जोगती एरियलची काडी हवी असेल तर ती लहरीच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे जवळजवळ ९५ मीटर उंच पाहिजे. ट्रकवर आपण लावतो हात-दीड हाताची काडी! समुद्रातून चमच्याने पाणी काढावे तसा तो प्रकार. म्हणून मध्यमलहरीला एरियलचा एकेक सांधा महत्त्वाचा. आधीच चमचाभर आलेले, त्यातले वाटेत सांडून चालत नाही. एफएमचे तसे नाही. तिची लहर सुमारे तीन मीटरची, चौथा हिस्सा पाऊण मीटर. म्हणून तीच काडी एफएमला बरोबर मापाची पडते.

अमेरिकेत १९७३ च्या तेलटंचाईनंतर ट्रकचालकांत एकमेकांशी बोलायचा 'सीबी' नावाचा रेडिओ फार पसरला. डिझेल कुठे मिळेल, रस्ता कुठे बंद आहे, हे ते त्यावरून एकमेकांना सांगत. तो २७ मेगाहर्ट्झवर चालतो. लहर अकरा मीटरची, चौथा हिस्सा पावणेतीन मीटर. तिकडच्या ट्रकवर दिसणाऱ्या लांब लवचिक काड्या त्यासाठीच. आणि तिथेही आवाज येईनासा झाला की आधी सेट उघडत नाहीत. काडीचे बूड, तिचा अर्थ आणि केबलची टोके, हेच आधी तपासतात. आपल्या देशातही या पट्ट्यावरचे पाच वॉटपर्यंतचे संच २००५ च्या नियमांनी परवान्यातून मोकळे झाले, पण आपल्या ट्रकवाल्यांत ते रुजले नाहीत. असो.

तर एरियल. सेटच्या मागे खोचलेली त्याची पिन बाहेर काढली आणि मीटर लावला. साधा बझरवाला मीटर कोणाही वायरमनकडे असतो. तीन जागा तपासायच्या. काडीच्या टोकापासून पिनच्या मधल्या टोकापर्यंत बझर वाजला पाहिजे. पिनचे मधले टोक आणि तिची बाहेरची कडी, यांच्यात वाजता कामा नये. बाहेरची कडी आणि ट्रकची चेसिस, यांच्यात वाजला पाहिजे. (ज्या नव्या गाड्यांत टपावर बोटाएवढा एरियल असतो त्यात आत अॅम्प्लिफायर बसवलेला असतो. त्याला हा हिशेब लागू नाही. तिथे आधी त्या अॅम्प्लिफायरला वीज पोचते का, हे बघावे.)

पहिली जागा बरोबर निघाली. दुसऱ्या ठिकाणी बझर वाजला नाही, पण ओहमच्या पट्टीवर आकडा दिसला. तिथे काहीच दिसायला नको होते. म्हणजे एरियलच्या बुडात ओल शिरलेली. तिसऱ्या ठिकाणी बझर मुकाच.

कारण उघड होते. पुतण्याचा ट्रक जुन्या पद्धतीचा. कंपनीकडून नुसती चेसिस आणि पुढचा बोनेटचा भाग यायचा, आणि केबिन आपल्याकडचे बॉडीवाले सुतारकाम करून लाकडी सांगाड्यावर पत्रा ठोकून बांधायचे. वर रंगीबेरंगी नक्षी, आत देवाची तसबीर. दिसायला देखणी. पण एरियल बसवला होता केबिनच्या पत्र्यावर, आणि तो पत्रा होता लाकडावर. लाकडातून अर्थ कसा जाणार? ज्या पत्र्याला आपण जमीन समजत होतो तो हवेत लोंबकळत होता. लोखंडी केबिनीच्या ट्रकलाही हा दोष होतो. केबिन रबरी गुटख्यांवर बसवलेली असते आणि चेसिसला जोडणारी विणलेली पट्टी गंजून तुटलेली असते. बाहेरून कळत नाही.

उपाय काय केला ते सांगतो. एरियलचे बूड सोडले. वायसरखाली रंग आणि गंज यांचा थर होता. तो काचकागदाने घासून पत्रा चांदीसारखा केला. बॅटरीच्या अर्थला वापरतात तसली विणलेली तांब्याची पट्टी बुडाखालून काढून, जवळच्या वाटेने चेसिसच्या बोल्टला आवळली. तिथलाही रंग आधी खरवडून काढला. नट पक्के केल्यावर वरून ग्रीस चोपडले, म्हणजे पावसाळ्यात पुन्हा गंज धरत नाही. लक्षात ठेवा, ग्रीस नंतर. आधी ग्रीस लावून मग नट आवळणारेही बहाद्दर असतात.

केबल बाहेर ओढली तर मध्येच एक जोड. कोणा मिस्त्रीने तुटलेल्या तुकड्याच्या जागी घरातली टीव्हीची केबल जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली होती. दिसायला दोन्ही केबली सारख्या, पण मोटारीच्या एरियलच्या केबलमध्ये मधली तार अगदी बारीक असते आणि पोकळ नळीत सैल बसवलेली असते, ती मुद्दाम. टीव्हीच्या केबलमध्ये मध्यमलहरीचा आधीच दुबळा असलेला सिग्नल वाटेतच जिरतो. गंमत अशी, की एफएमला तिचा त्रास जाणवत नाही. एफएम चांगले वाजते, म्हणून मालकाला वाटते केबल ठीक आहे. सबंध केबल बुडासह बदलली. जोड दिला नाही.

जुन्या सेटात एरियलच्या खोबणीजवळ एक बारीक स्क्रूचे भोक असते, तेही सांगून ठेवतो. नवा एरियल बसवला की पट्ट्याच्या वरच्या टोकाचे, १४०० किलोहर्ट्झच्या आसपासचे एखादे दुबळे केंद्र लावून तो स्क्रू हलक्या हाताने फिरवायचा आणि आवाज सर्वांत मोठा येईल तिथे सोडायचा. काटा नसलेल्या नव्या सेटात हे नसते.

वीज कुठून घेतली?

केंद्र आता भरदार लागू लागले. इंजिन सुरू केले तर शिट्टी मात्र होतीच. इंजिन चालू ठेवूनच एरियलची पिन उपसली. शिट्टी गेली नाही. म्हणजे ती एरियलवाटे येत नव्हती, सेटला वीज देणाऱ्या वायरीतून येत होती. ही परीक्षा फार उपयोगी आहे. पिन काढल्यावर आवाज गेला तर एरियल-अर्थकडे जा, राहिला तर वीजपुरवठ्याकडे.

वायर माग काढत बॅटरीपर्यंत गेलो आणि कपाळाला हात लावला. ट्रकला दोन बॅटऱ्या, मिळून चोवीस व्होल्ट. रेडिओ बारा व्होल्टचा. बसवणाऱ्याने सरळ एकाच बॅटरीवरून वायर घेतली होती.

"काका, सगळेच असं घेतात," पुतण्या म्हणाला.

"मग सगळ्यांच्याच बॅटऱ्या लवकर मरतात. तुझी कितवी?"

तो गप्प. दोन वर्षांत एक बॅटरी दोनदा बदलली होती. हे होणारच होते. अल्टरनेटर दोन्ही बॅटऱ्यांना मिळून चार्ज करतो. एकीवर रेडिओ आणि चार्जरचे ओझे पडले की ती कायम अर्धपोटी राहते, आणि दुसरी गरजेपेक्षा जास्त चार्ज होऊन तिचे पाणी आटते. बैलजोडीत एकाच्याच मानेवर जू टाकावे तसे. चोवीसचे बारा करणारा कन्व्हर्टर लावणे हाच खरा मार्ग. पण तोही चार्जरच्याच जातीचा, म्हणून बघून घ्यावा. लोखंडी किंवा अॅल्युमिनियमच्या बंद डब्यातला, ज्यावर फिल्टर असल्याचे लिहिले आहे तो. बसवायचा एरियलच्या केबलपासून दूर, आणि डबा चेसिसला अर्थ करून. बॅटरीकडून येणाऱ्या वायरीत बॅटरीजवळच फ्यूज घालायचा. फ्यूज नसलेली वायर घासून पत्र्याला लागली तर केबिन पेटू शकते, तिथे काटकसर नको.

कन्व्हर्टरने शिट्टी पुष्कळ कमी झाली. थोडी उरली ती अल्टरनेटरची. इथे फिल्टर लावायची घाई करू नये. आधी ऑटो इलेक्ट्रिशियनकडून अल्टरनेटर तपासून घ्यावा, कारण त्यातला एखादा डायोड गेला तरी अशीच शिट्टी येते, आणि ती रेडिओची तक्रार नसून अल्टरनेटर बसण्याची आगाऊ वर्दी असते. पुतण्याचा अल्टरनेटर ठीक होता. मग अल्टरनेटरच्या मुख्य आउटपुटवर २.२ मायक्रोफॅरडचा, खास मोटारीसाठी मिळतो तो कंडेन्सर लावला, त्याचे अंग अर्थला. फील्ड किंवा रेग्युलेटरच्या वायरीवर तो चुकूनही लावू नये. हे काम इंजिन बंद करून, बॅटरीची अर्थची वायर सोडून, हातातली अंगठी-कडे काढून करायचे.

आणि एक ताकीद. डायनॅमोच्या जमान्यातले काही मिस्त्री अजून इंजिन चालू असतानाच बॅटरीची वायर काढून 'चार्जिंग येतं का' बघतात. अल्टरनेटरच्या गाडीला हे कधीही करू देऊ नका. क्षणात डायोड जळतात. समोरचा कितीही जुना-जाणता असला तरी हात जोडून नाही म्हणावे.

गाडी निर्दोष, तरी खरखर

ट्रक दारातून निघाला तेव्हा रेडिओ घरच्या ट्रान्झिस्टरच्या वरताण बोलत होता. चौथ्या दिवशी पुतण्याचा फोन. "काका, मळ्यात उभा केला की पुन्हा टक-टक-टक करतोय. इंजिन बंद आहे. घरी आणला की गप्प."

"टकटक कशी? मोज बरं."

सेकंदाला एक, थोडी संथच. मी विचारले, बांधाला झटका मशीन कोणाचे? शेजारच्या मळ्यात रानडुकरांसाठी नवे बसवले होते. ते मशीन साधारण सेकंदा-सव्वा सेकंदाला तारेत एक झटका सोडते. तार स्वच्छ असेल तर आवाज फारसा येत नाही, पण गवत वाढून तारेला टेकले, किंवा खांबावरचा प्लॅस्टिकचा तुकडा फुटला, की तिथे बारीक ठिणगी पडते आणि ती अवतीभवतीच्या सगळ्या रेडिओंना ऐकू जाते. ठिणगी पडते म्हणजे झटक्याची ताकदही तिथेच वाया जाते. शेजाऱ्याला हे सांगितल्यावर त्याने स्वतःच्या गरजेपोटी गवत काढले. भांडण करावे लागले नाही.

अशीच बाहेरची आणखी काही कारणे असतात. डीपीजवळून किंवा मोठ्या लाइनखालून जाताना सतत घूंऽऽ असा आवाज येतो आणि पुढे गेले की जातो. थोडासा आवाज साहजिक आहे, पण एकाच खांबापाशी फार मोठा येत असेल तर तिथला इन्सुलेटर तडकलेला किंवा जोड ढिला असू शकतो. लाइनमनला खांबाचा नंबर सांगावा. स्वतः जवळ जाऊन बघू नये. दिवसा चालणाऱ्या सौर पंपाचा कंट्रोलरही त्रास देतो. वैशाख-ज्येष्ठात लांबवर वीज चमकली तरी मध्यमलहरीवर कडाड् असा आवाज येतो. तो दोष नाही, उलट आभाळाची खबर आहे. जुनी माणसे रेडिओच्या त्या कडकडीवरूनच शेंगा झाकायला धावत.

रात्रीची गोष्ट वेगळी. दिवसा मध्यमलहर जमिनीलगत येते तेवढीच ऐकू येते. सूर्य मावळला की तीच लहर आकाशातल्या वरच्या थरावरून परतून शेकडो मैलांवर उतरते. त्यामुळे रात्री परगावची, परमुलखाची केंद्रे एकमेकांवर चढतात, आवाज लाटेसारखा येतो-जातो. म्हणून गाडीच्या दुरुस्तीची परीक्षा भर दुपारी घ्यावी. रात्री नऊ वाजता सेटला शिव्या देऊ नयेत.

एफएमचे उलट. ती लहर सरळ रेषेत जाते, डोंगर आडवा आला की संपली. घाटाच्या वळणावर फट्-फट् करीत आवाज तुटतो, तो दोष गाडीचा नाही. अशा वेळी सेट मध्यमलहरीवर न्यावा.

ज्याच्या गाडीत मध्यमलहरच नाही त्याने दोन सेलांचा खिशातला ट्रान्झिस्टर गाडीत ठेवावा. पत्र्याच्या केबिनमध्ये तो नीट लागणार नाही. गाडी थांबवून खाली उतरावे आणि ट्रान्झिस्टर हातात धरून हळूहळू गोल फिरवावा. त्याच्या आत एरियलची आडवी कांडी असते. तिची कूस केंद्राकडे आली की आवाज भरतो, टोक आले की पडतो.

पुतण्याच्या ट्रकला सगळे मिळून जो खर्च आला त्यात कन्व्हर्टरच काय तो मोठा. बाकी पट्टी, केबल, कंडेन्सर, सगळे मिळून एका ताडपत्रीच्या किमतीतही बसले. आता तो घाटाखाली थांबला की आधी बातम्या आणि हवामान ऐकतो. घाटातल्या दोन वळणांवर केंद्र अजूनही बुडते. त्याला इलाज नाही, तेवढे अंतर तो बंद ठेवूनच जातो.

गेल्या उन्हाळ्यात सूनबाईला विचारले, आता तरी काळजी मिटली का? म्हणाली, "रेडिओ बरा झाला मामंजी. पण एक ताडपत्री मी घरी ठेवून घेतलीय. ती काही आता ट्रकात जायची नाही."